एकच दुखणं, मुलाचं आणि मुलीचं

जूनमध्ये शाळेचा गणवेश घेताना आपल्याकडे मुलाची पँट लांबीला जास्तच घेतात. शिंपी खालची वाढीव पट्टी आत दुमडून टाके घालून देतो. पोरगं वाढलं की दिवाळीच्या आसपास ती दुमड उसवायची. परतूर तालुक्यातल्या माझ्या मावसबहिणीला तिच्या मुलाच्या पँटची दुमड सलग दोन वर्षं उसवावी लागली नाही. त्याच्या पोटात कळ यायची, जेवण तो अर्ध्यावर टाकायचा, पण घरच्यांना घोर लागला तो उंचीचा. "वर्गातली समदी पुढं गेली, हे लेकरू तिथंच," म्हणत तिनं त्याला आधी जालन्याला, मग छत्रपती संभाजीनगरला नेलं. आतड्यात दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासला आणि क्रोन्स निघाला, म्हणजे लहान-मोठ्या कुठल्याही आतड्याला सूज आणणारा आजार. वय तेरा.

त्याच वाड्यात त्याची चुलत बहीण राहते, चौदा वर्षांची. तिला वर्षभर रक्त आणि आव पडत होती, ती कुणाला बोलली नाही. चेहरा पांढराफटक पडला तेव्हा "पाळी नवी आहे, अंगावरून जास्त जात असेल" असं ठरवून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन ६ वर आलं तेव्हा भावाच्याच डॉक्टरांनी विचारलं, "संडासला रक्त पडतं का गं?" तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे फक्त मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार.

या दोन्ही आजारांना मिळून आयबीडी म्हणतात, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह. मुलगा आणि मुलगी यांच्यात तो वेगळा वागतो का, हे मी तेव्हापासून शोधत आले. उत्तर मिळालं ते हो असंच. पण त्यातलं किती शरीरामुळे आणि किती घराच्या उंबरठ्यामुळे, हे वेगळं करायला वैद्यकालाही फार वर्षं लागली आहेत.

या आजाराच्या इतिहासाची सुरुवातच एका बाईच्या न समजलेल्या पोटदुखीपासून होते. १८५९ मध्ये लंडनजवळ इझाबेला बँक्स ही बेचाळीस वर्षांची बाई जुलाब आणि ताप होऊन गेली. ज्याच्याशी तिनं लग्न केलं होतं त्या डॉक्टर स्मेथर्स्टवर विषप्रयोगाचा खटला चालला, फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती मागे घ्यावी लागली. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी तिचं आतडं तपासून त्यातल्या व्रणांचं वर्णन केलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसची वैद्यकातली कहाणी बहुतेक जण तिथूनच सांगतात. तिच्या लहान आतड्यालाही सूज होती, त्यामुळे तो क्रोन्सच असावा, असं मत नंतरच्या काळात मांडलं गेलं.

१९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक डॅल्झिएल यांनी अशाच रुग्णांची नोंद छापली. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी चौदा रुग्णांचा लेख लिहिला. या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या बर्ग यांनी लेखावर नाव घालू दिलं नाही, उरलेली नावं वर्णानुक्रमानं लागली आणि आजाराला क्रोन यांचं नाव चिकटलं. यात मुलगा-मुलगी हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. आजार मोठ्यांचा समजला जात होता आणि मोठ्यांमध्ये उंची थांबायचा प्रश्नच येत नाही.

लहान मुलांचे डॉक्टर या आजाराकडे पाहू लागले तेव्हा फरक दिसू लागला. लेकरांमध्ये क्रोन्स मुलग्यांना जास्त होतो. पाश्चात्त्य नोंदींत साधारण तीन मुलगे तर दोन मुली. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र लहानपणी दोघं जवळपास बरोबरीनं असतात. २०१८ मध्ये पाश्चात्त्य देशांतल्या १७ नोंदवह्यांतले दोन लाखांहून अधिक रुग्ण एकत्र तपासले गेले. त्यात वयात येण्याच्या आधी क्रोन्सचा धोका मुलींना कमी आणि पंचविशीनंतर बायकांना जास्त दिसला. म्हणजे वयात येताना पारडं फिरतं. लिंग-संप्रेरकांचा त्यात हात असावा, हा संशय बळावला तो इथूनच. आशियातलं चित्र मात्र वेगळं आहे. इथं तरुणपणीही क्रोन्समध्ये पुरुषच जास्त सापडतात.

उंचीचं गणित मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुजलेल्या आतड्यातून टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात उतरतात आणि हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला आवर घालतात. वाढीचा निरोप नेणारं आयजीएफ-१ कमी पडतं. त्यातच भूक मेलेली असते आणि स्टिरॉइड दिलं असेल तर तेही वाढ रोखतं. हे सगळं दोघांनाही होतं, पण मुलग्यांना जास्त बाधतं, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. मुलीची उंची झपाट्यानं वाढते ती साधारण साडेअकरा-बाराव्या वर्षी, मुलाची साडेतेरा-चौदाव्या वर्षी. आजार तेराव्या वर्षी उपटला तर मुलाची वाढीची ऐन सुगीच हातची जाते. मुलीची तोवर बरीचशी पदरात पडलेली असते. पण आजार दहाव्या वर्षी आला तर मुलीचंही तेच होतं आणि पाळी लांबते.

दोन वर्षांच्या आतल्या तान्ह्यांमध्ये कारण कधी कधी थेट जनुकात असतं. एक्सआयएपीसारखी काही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलीकडे दुसरं एक्स असतं, ते निभावून नेतं, मुलाकडे एकच.

औषधांनाही हा भेद पाळावा लागतो. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी टीएनएफला अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाला मान्यता मिळाली, २००६ मध्ये मुलांसाठी. ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनच्या जोडीनं घेणाऱ्या काही रुग्णांत यकृत-प्लीहेचा एक अत्यंत दुर्मीळ, जीवघेणा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग दिसला आणि त्यात बहुतेक तरुण मुलगे होते. म्हणून मुलग्यांमध्ये ही जोडी डॉक्टर फार विचार करून देतात. मुलीला मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं तर पुढे गर्भाला धोका असतो, ते बजावूनच द्यावं लागतं. स्टिरॉइडनं तोंड सुजतं, पुरळ येतं. ते पाहून गुपचूप गोळ्या बंद करणाऱ्यांत मुली असतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आता आपल्या भागाकडे येते. आपल्याकडे आतड्यात व्रण दिसला की पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तच आहे. दिल्लीच्या एम्समधल्या टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्ये आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली कसा ओळखायचा, ते मांडलं. तरीही आजही कित्येक लेकरं आधी टीबीचा कोर्स पुरा करून मग क्रोन्सपर्यंत पोचतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा गोऱ्या साहेबांचा आजार, ही समजूत पंजाबातल्या लुधियानाच्या, २००३ मध्ये छापून आलेल्या पाहणीनं मोडली. तिथं लाखात ४४ जणांना तो सापडला.

भारतातल्या बहुतेक रुग्णालयांच्या यादीत मुलगे जास्त असतात. ते वाचताना मला बीड आठवतं. २०११ च्या जनगणनेत तिथं सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या जन्मल्याच नाहीत त्या दवाखान्याच्या रांगेत कुठून दिसणार? ज्या आहेत त्यांचं रक्त पडणं पाळीच्या खात्यावर, बारीक असणं चणीच्या खात्यावर जमा होतं. शाळेतल्या संडासाला कडी नसेल तर दिवसातून आठ वेळा जावं लागणारी मुलगी शाळाच सोडते. "घरकामाला राहिली" एवढंच लोक म्हणतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये जवळपास ४४ टक्के होत्या. स्थळ मोडेल म्हणून मुलीचा आजार लपतो, सासरी गोळ्या नेता येत नाहीत आणि औषध सुटलं की आजार उसळतो. खरं तर आजार शांत असेल तर मूल होण्यात सहसा अडचण नसते. भडकलेल्या अवस्थेतलं बाळंतपण मात्र आई आणि बाळ दोघांनाही जड जातं. हे आईबापाला समोर बसवून सांगायला दहा मिनिटं पुरतात.

मावसबहिणीच्या मुलाला सहा-आठ आठवडे फक्त पातळ पोषक आहारावर ठेवलं, मग औषधं लागू पडली. या दिवाळीत पँटची दुमड उसवली. त्याच्या चुलत बहिणीची वाढ किती मागे पडली, हे ठरवायला डॉक्टरांनी तिची जुनी उंची विचारली. शाळेच्या आरोग्य कार्डावर तो रकाना कोराच होता. तिच्या आईनं जुने ड्रेस आठवून पाहिले, पण ते दर वर्षी धाकटीला दिलेले. शेवटी तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडाचं वय बारा आलं.