‘मूळ प्रिन्स’ म्हणजे नेमका कोणता?

तळघरातून सुटून तासाभरात राजकन्येपर्यंत पोचायचं, अशा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या कॉम्प्युटर गेमच्या आवृत्त्यांची तुलना सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ‘मूळ’ हा शब्द येतो, आणि तिथेच घोळ सुरू होतो. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटर क्लासात बसलेल्या माणसाचा मूळ प्रिन्स म्हणजे डॉसचा, विंडोजच्या आधीच्या पीसीवरचा. निळसर विटांचं तळघर, पांढऱ्या लेंग्यातला अनवाणी पोरगा आणि पीसी स्पीकरचा टिणटिणाट. ही आवृत्ती १९९० ची. तिच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, खेळ पहिल्यांदा आला तो ॲपल टू या यंत्रावर, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. जपान्यांना विचाराल तर त्यांचा प्रिन्स फेटा आणि जाकीट घालतो. सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर वाढलेल्यांच्या लेखी खेळ वीस लेव्हलचा आहे आणि वेळ दोन तासांची. चौघेही आपापल्या परीने खरं बोलतात.

ॲपल टू हे यंत्र १९७७ चं. खेळाचं काम १९८५ मध्ये सुरू झालं आणि चार वर्षं चाललं, म्हणजे खेळ बाजारात आला तेव्हा यंत्र उतरणीला लागलं होतं. अमेरिकेत पहिल्या वर्षी विक्री थंड होती ती यामुळेच. निर्मात्याने आपल्या शाळकरी धाकट्या भावाला मोकळ्या पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग टीव्हीवर एकेक चित्र थांबवून त्याचा फोटो, फोटोवरून बाह्यरेषा आणि बाह्यरेषेवरून कॉम्प्युटरमधली आकृती. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटातला तुकडा वापरला, कारण त्यात दोन्ही योद्धे काही सेकंद अगदी बाजूने दिसतात. म्हणून प्रिन्सच्या चालीला वजन आहे. बटण दाबलं की तो लगेच उडत नाही, आधी पाऊल पुरं करतो. टीव्ही गेमवर मारिओ खेळून आलेल्या पोरांना ‘की अडकते का रे?’ असं वाटायचं ते याचमुळे. की धड असायची.

पुढच्या सगळ्या आवृत्त्यांमधला सर्वात मोठा समान धागा मात्र भावाच्या पळण्यातून आला नाही, तो जागेच्या टंचाईतून आला. ॲपल टूच्या १२८ के (किलोबाइट) मेमरीत प्रिन्सच्या चित्रांनी इतकी जागा खाल्ली की शत्रूला जागाच उरली नाही. खेळात काटे होते, कात्र्या होत्या, कोसळणाऱ्या फरश्या होत्या, पण लढायला कोणी नव्हतं. शेजारी काम करणारी एक सहकारी ‘मारामारी हवी’ म्हणून मागेच लागली होती. त्यावर निघालेली तोड अशी: प्रिन्सचंच चित्र घ्यायचं, एक बिट सरकवायचं आणि त्याच्यावरच असं आपटायचं की जिथे दोन्ही सारखे तिथे रंग पुसला जाईल. उरते ती नुसती लुकलुकणारी कड. नव्या चित्रांची जागा शून्य आणि प्रिन्सला एक जुळा मिळाला.

हा जुळा म्हणजे सावली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते. पाचव्या लेव्हलला आपल्या डोळ्यांदेखत बाटली पिऊन जाते. सहाव्या लेव्हलला ऐन उडीच्या क्षणी दार पाडते आणि आपण खाली. बाराव्या लेव्हलला ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिला मारलं तर आपण मरतो, तलवार म्यान केली तर ती आपल्यात मिसळते. हे कळायला आमच्या क्लासात आख्खी मे महिन्याची सुट्टी गेली होती. पुढे निर्मात्याने इकडून तिकडून मेमरी वाचवली आणि साधे रक्षकही आले, पण तोवर सावली कथेचा कणा होऊन बसली होती. डॉसवर जागेची तेवढी ओढाताण नव्हती, वेगळी चित्रं सहज काढता आली असती. तरी तिथेही तीच युक्ती ठेवली: चित्र एकदा छापायचं आणि एक ठिपका सरकवून पुन्हा त्यावर मारायचं. व्हीजीए या रंगीत पडद्यावर सावलीच्या कडांना चमत्कारिक रंग दिसतात ते म्हणून.

नकाशेही असेच जसेच्या तसे उतरले. एका लेव्हलला २४ खोल्या, एका खोलीत दहा चौकटींच्या तीन ओळी. सगळं मिळून २,३०४ बाइट. हा लेख एवढा वाचलात, तेवढ्यातच तो आकडा कधीचा मागे पडला.

डॉसच्या आवृत्तीबद्दल लिहिताना माझा हात सैल सुटतो, हे आधीच कबूल करतो. सांगलीतल्या एका क्लासात फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमच्या तासाला मागच्या रांगेत हा खेळ चालायचा. सगळा एका १.४४ एमबी फ्लॉपीत मावायचा. सर डीआयआर (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारून बघायचे आणि ‘प्रिन्स डॉट ईएक्सई’ दिसली की डिलीट. आम्ही फाइलचं नाव बदलून ‘लेजर’ ठेवलं. पण शेजारी ‘किड डॉट डॅट’, ‘फॅट डॉट डॅट’, ‘स्केल डॉट डॅट’ अशा फायली तशाच राहायच्या, आणि ज्याला कळायचं त्याला कळायचं. मॉनिटर होते कृष्णधवल. या खेळात जीव भरणारी बाटली लाल आणि विषारी निळी. आम्हाला दोन्ही करड्या. त्यामुळे कुठल्या खोलीतली बाटली प्यायची याची यादी वहीच्या मागच्या पानावर असायची.

आणि ती बाटल्यांची खोली. सुरुवातीच्या लेव्हलनंतर डॉस आवृत्ती तुम्हाला एका खोलीत सोडते. तिथे बाटल्या मांडलेल्या, वर अक्षरं. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्या म्हणे. चुकीची प्यायली की एक जीव कमी. खेळ विकत घेतला नसेल तर इथे अडा, असा हिशोब. आपल्याकडे मॅन्युअल कोणी पाहिलं होतं? फिरणाऱ्या बऱ्याच प्रती आधीच फोडलेल्या, म्हणजे हा अडथळा काढून टाकलेल्या असत. आमची नव्हती. मग कोणीतरी ‘मेगाहिट’ आणला. खेळाच्या नावापुढे हा शब्द टाइप करून आत शिरलं की त्या खोलीतही शिफ्ट-एल, म्हणजे लेव्हल ओलांडून पुढे जायची की, चालायचं. नंतरच्या डॉस प्रतींमध्ये हाच शब्द ‘इम्प्रूव्ह्ड’ झाला, त्यामुळे ज्याच्याकडे नवी प्रत त्याचा मेगाहिट फुकट. त्यावरून झालेली भांडणं आवृत्त्यांच्या तुलनेचा आमचा पहिला धडा. मेगाहिटशिवायही शिफ्ट-एलने चौथ्या लेव्हलपर्यंत उडी मारता यायची, पण उरलेला वेळ धाडकन पंधरा मिनिटांवर यायचा. हा दंड मला आजही न्याय्य वाटतो.

आता फेटा. १९९० मध्येच जपानमध्ये पीसी-९८ या तिथल्या कॉम्प्युटरसाठी आवृत्ती निघाली. ती करणाऱ्या कंपनीने चित्रं नव्याने रंगवली आणि प्रिन्सला फेटा नि जाकीट चढवलं. ॲपल टू आणि डॉसवरचा प्रिन्स पिवळ्या केसांचा, बोडक्या डोक्याचा; न्यूयॉर्ककडचा पोरगा झोपेतून उठून पर्शियात पडावा तसा. जपानी चित्रकाराला हे पटलं नसणार. मॅकिंटॉशची १९९२ ची आवृत्ती त्याच वळणावर गेली, कन्सोलवरच्याही काही गेल्या, आणि आज प्रिन्सचा ‘अस्सल’ वेष म्हणून दाखवतात तो हा. म्हणजे नाव मूळचं अमेरिकन, अंग भावाचं, कपडे जपानी. मूळ वेष कुठला, यावर वाद घालणारे बहुतेक वेळा आपण पहिल्यांदा कुठल्या पडद्यावर खेळलो तेवढंच सांगत असतात.

अमिगा या कॉम्प्युटरवरची आवृत्ती डॉसच्या जवळची. मास्टर सिस्टीम, गेम बॉय, एनईएस, मेगा सीडी या गेम खेळायच्या यंत्रांच्या आवृत्त्या १९९२ च्या आसपास एकापाठोपाठ आल्या. त्यातल्या गेम बॉयवर चारच करड्या छटा, म्हणजे सांगलीच्या मॉनिटरचीच बहीण.

सुपर निन्टेंडोची १९९२ ची आवृत्ती ही खरी वादाची जागा. बाराच्या वीस लेव्हल, साठ मिनिटांची एकशेवीस, नवे शत्रू, सरावाची वेगळी सोय, पुढे जाण्यासाठी पासवर्ड. चित्रं देखणी, संगीत भरघोस, यात शंका नाही. जपान-अमेरिकेत घरी कन्सोल असलेली पिढी हीच सर्वोत्तम म्हणते, आणि वीस लेव्हलची चव चाखलेल्याला बारा अपुऱ्या वाटल्या तर नवल नाही. पण साधी आकडेमोड करा. मूळ खेळात एका लेव्हलला सरासरी पाच मिनिटं येतात, इथे सहा. ते एक मिनिट फार मोठं आहे. साठ मिनिटांच्या खेळात स्पेस दाबून उरलेली मिनिटं बघताना पोटात गोळा यायचा. खेळ सेव्ह केला तरी घड्याळ सेव्ह व्हायचं, तिसऱ्या लेव्हलला घालवलेली दहा मिनिटं दहाव्या लेव्हलला हिशोब मागायची. एका बैठकीत राजकन्येपर्यंत पोचता येतं, ही त्याची ताकद होती. दोन तासांचा प्रिन्स एका बैठकीचा राहत नाही, तो घरी नेण्याचा अभ्यास होतो. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या स्पीकरचा आवाज कमी करतो.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९९३ चा दुसरा भाग, १९९९ चा फसलेला त्रिमितीय प्रयोग, आणि २००३ मध्ये काळाची वाळू उलटी फिरवणारा नवा प्रिन्स, ज्याने नव्या पिढीसाठी ‘मूळ’चा अर्थ पुन्हा बदलला. २००७ मध्ये जुन्याच लेव्हल नव्या, चकचकीत कपड्यांत आल्या. २०२४ मध्ये मालिका पुन्हा बाजूने दिसणाऱ्या खेळाकडे वळली, पण त्यातला नायक प्रिन्सच नाही.

या सगळ्यात ॲपल टू पुन्हा वर आलं ते २०१२ मध्ये. निर्मात्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात साडेतीन इंची फ्लॉप्यांचा खोका सापडला. कित्येक वर्षं हरवलेला मूळ कोड त्यात होता. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी तो उतरवून घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला झाला. कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरवर एका हौशी माणसाने त्याच्या आदल्याच वर्षी, कोड हाती नसताना, खेळ आणून दाखवला होता. बीबीसी मास्टर या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरवरची २०१८ ची आवृत्ती मात्र याच कोडवरून झाली. आता ‘मूळ’ ओळ न ओळ वाचता येतं आणि त्यातली सावलीची युक्तीही.

डॉसच्या बाजूचा कोड असा कोणाच्या कपाटात सापडला नाही. तिथे चाहत्यांनी तयार प्रोग्रॅमच उलगडून, त्यातलं एकेक पाऊल ओळखून आजच्या कॉम्प्युटरवर चालणारी प्रत उभी केली. तिच्या सेटिंग्जच्या फायलीत जुन्या चुका दुरुस्त करायच्या की तशाच ठेवायच्या, याची लांबलचक यादी आहे. जखमी रक्षकाला सोडून शेजारच्या खोलीत जाऊन परत आलं की तो डॉसवर पुन्हा ठणठणीत उभा असायचा. हवं तर आता ते बंद करता येतं. मी ते चालूच ठेवतो.