वणव्याची पूर्वतयारी (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियात रानाला, झुडपांना किंवा गवताला लागणाऱ्या आगीला ‘बुशफायर’ म्हणतात. ती वस्तीपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी घर, आवार, पाणी आणि शेजार यांची जी व्यवस्था लावून ठेवतात, तिची ही नोंद. दक्षिणेकडच्या राज्यांत वणव्याचा हंगाम मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे महाराष्ट्रात थंडी असते तेव्हा. उत्तरेत मात्र तो वर्षाच्या मधल्या कोरड्या महिन्यांत येतो.

२०१९ साली हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा तापला आणि पूर्व भाग थंड राहिला. भारतात पाऊस रेंगाळला, मोसमी वाऱ्यांची माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली. आग्नेय ऑस्ट्रेलिया मात्र कोरडा पडला. त्यापाठोपाठ आलेल्या ‘ब्लॅक समर’मध्ये, म्हणजे २०१९-२० च्या वणव्यांच्या उन्हाळ्यात, ३३ माणसे आगीत दगावली आणि ३,००० हून अधिक घरे जळाली. ३१ डिसेंबरला मॅलाकूटा गावात हजारो लोक पुळणीवर अडकले. रस्ते बंद होते. त्यांतल्या अनेकांना पुढे नौदलाच्या जहाजाने बाहेर काढावे लागले.

जळालेल्या घरांची पाहणी केली की बहुतेक ठिकाणी सुरुवात ठिणगीपासून झालेली दिसते. निलगिरीच्या काही जातींची साल लांब पट्ट्यांनी लोंबते. ती पेटली की वारा तिला कित्येक किलोमीटर पुढे नेऊन टाकतो. असे निखारे आगीची मुख्य फळी येण्याआधी, ती आल्यावर आणि ती गेल्यावरही काही तास पडत राहतात. पन्हळीत साठलेला पाचोळा, दाराबाहेरचे काथ्याचे पायपुसणे, भिंतीला टेकवलेली सरपणाची रास, लाकडी ओटीखाली गेलेली वाळकी पाने या जागा ते अचूक शोधतात. म्हणून तयारीचे बरेचसे काम झाडू आणि शिडीचे आहे, आणि तेच कंटाळवाणे असल्याने राहून जाते.

पन्हळ हंगामाआधी एकदा साफ करून भागत नाही. निलगिरी उन्हाळ्यातही पाने गाळते. आगीच्या दिवशी पन्हळीचा खाली उतरणारा पाइप चेंडूने किंवा ओल्या कापडाच्या बोळ्याने बंद करून तिच्यात पाणी भरून ठेवतात. छपराखालच्या झरोक्यांना २ मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली धातूची जाळी लागते. डास अडवणारी प्लास्टिकची जाळी उष्णतेने वितळते आणि निखारा थेट माळ्यावर जातो. गॅसच्या सिलिंडरच्या सुरक्षा-झडपेचे तोंड घराच्या उलट दिशेला ठेवतात, कारण तापल्यावर तिथून जळता गॅस झोताने बाहेर पडतो.

नव्या घरांसाठी ‘एएस ३९५९’ हे बांधकामाचे मानक आहे. त्यातल्या १२.५, १९, २९ आणि ४० या पायऱ्या म्हणजे दर चौरस मीटरला घरावर येऊ शकणारी उष्णता, किलोवॉटमध्ये. त्याच्याही वर ‘फ्लेम झोन’ येतो, म्हणजे जिथे ज्वाळा थेट घराला भिडू शकतात. घर उतारावर असेल तर हिशेब बदलतो. चढाचा कोन १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे डोंगरमाथ्यावरच्या सुंदर देखाव्याच्या घराला खालच्या बाजूने जास्त मोकळी जागा लागते. उन्हाळ्यात घराभोवतीचे गवत १० सेंटिमीटरपेक्षा वाढू देत नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये नेमून दिलेल्या भागांत घरापासून १० मीटरपर्यंतची झाडे आणि ५० मीटरपर्यंतची झुडपे परवानगीवाचून काढता येतात. या सवलतीखाली शेजाऱ्याच्या नको असलेल्या झाडावर डोळा ठेवणारेही निघतात.

थांबून घर वाचवायचे ठरवले तर किमान १०,००० लिटर पाणी स्वतंत्र टाकीत हवे. वीज जाते आणि नळाचा दाब पडतो, म्हणून विजेचा पंप उपयोगाचा नाही. पेट्रोलचा पंपही तीव्र उष्णतेत इंधनाची वाफ होऊन बंद पडतो. डिझेलचा त्या मानाने भरवशाचा, पण त्यालाही आडोसा लागतो. जमिनीवरून नेलेला प्लास्टिकचा पाइप वितळला की भरलेली टाकी नुसती पाहत बसावी लागते.

निघून जाण्याचा निर्णय मात्र धूर दिसण्याआधीचा आहे. सप्टेंबर २०२२ पासून देशभर धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. शेवटची पायरी जाहीर झाली की आदल्या रात्री किंवा पहाटेच निघायचे. अशा दिवशी प्रत्येक दारात बंब पोचणे शक्य नसते. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ला मेलबर्नचे तापमान ४६.४ अंश सेल्सिअस होते. व्हिक्टोरियात त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ जण मेले, आणि त्यांतले शंभराहून अधिक घरांच्या आत. कित्येक जण न्हाणीघरात सापडले: पाणी आहे म्हणून तिथे गेले, पण तिथून थेट बाहेर पडायला दार नसते. आसरा घ्यायचाच तर आगीच्या उलट बाजूच्या आणि बाहेर उघडणारे दार असलेल्या खोलीत.

त्याच दिवशी संध्याकाळी वारा फिरला. उत्तरेच्या गरम वाऱ्याने लांब, अरुंद जीभ करून धावणारी आग नैऋत्येचा वारा येताच कुशीवर वळली आणि तिची अख्खी लांबी हीच नवी आघाडी झाली. ‘आग आमच्या बाजूने निघून गेली’ असे समजून बसलेली गावे अशा वेळी सापडतात.

गल्लीतले शेजारी मिळून फोनची साखळी ठरवतात: कोण कोणाला कळवणार, गाडी नसलेल्या आजींना कोण नेणार, जनावरे कुठे हलवणार. मोबाइलचे मनोरे बंद पडतात, म्हणून बॅटरीवरचा रेडिओ ठेवतात. गाडीत पाणी, औषधे आणि शुद्ध लोकरीची ब्लँकेटे हवीत. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. जाड सुती कपडे आणि चामडी बूट घालायचे. ‘शेवटच्या आसऱ्याची जागा’ म्हणून नेमलेले मैदान किंवा सभागृह फक्त बाकी सगळे फसल्यावरचे आहे. तिथे अन्न, औषध मिळेलच असे नाही.

थंड, दमट दिवसांत थोड्या थोड्या पट्ट्यांत सौम्य आग लावून पाचोळा कमी करण्याची पद्धत मूळ रहिवाशांची, हजारो वर्षांची. आज वनखाती आणि स्वयंसेवक अग्निदलेही नियोजित जाळणी करतात. मात्र अतितीव्र वाऱ्याच्या दिवशी जाळलेल्या पट्ट्यावरूनही निखारे उडून पुढे जातात.

पावसाच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत आग येण्याआधी छपराहून टाकीला जाणारा पाइप सोडवून ठेवतात. नाहीतर आगीनंतरच्या पहिल्या सरीबरोबर छपरावरची राख पिण्याच्या पाण्यात उतरते. उघड्या पडलेल्या उतारांवरून तीच राख मातीसह ओढ्यात येते, आणि मोऱ्या तुंबून रस्ते वाहून जातात.