बेल्ट खराब नाही भाऊ, रीळ वाकडं बसलंय

भंगारातून कार बनवल्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सारखे फिरतच असतात. २०२१ च्या डिसेंबरात सांगलीकडच्या एका कारागिराच्या जीपचं आनंद महिंद्रांनी तोंडभरून कौतुक केलं आणि सोबत हेही सांगितलं की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या कोणी अडवेलच. कौतुक सगळ्यांनी फॉरवर्ड केलं, पुढचं कोणी वाचलं नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही असे हात असलेले पोट्टे आहेत. दारव्ह्याकडच्या एकानं चौकोनी पाइपची फ्रेम, जुन्या मारुतीचं इंजिन आणि कबाड्याकडचे सीटबेल्ट लावून गाडी उभी केली, स्पर्धेच्या तपासणीत ती ब्रेकमध्ये पास झाली, लाइटमध्ये पास झाली आणि बेल्टवर अडकली. कारण बेल्ट ओढला की जाम. पोट्टा म्हणे, "सर, बेल्टच खराब हाय, कबाड्यानं फसवलं."

बेल्ट चांगला होता. वाकडं होतं ते रीळ, म्हणजे बेल्ट जिच्यात गुंडाळला जातो ती डबी, आणि हे रीळ म्हणजे माझ्या मते अख्ख्या गाडीतली सगळ्यात हुशार वस्तू आहे, तिच्यात ना बॅटरी लागते ना कॉम्प्युटर.

रीळ उघडलं की (आतली स्प्रिंग अंगावर येते, सांभाळून) एका बाजूला प्लास्टिकची छोटीशी वाटी दिसते आणि तिच्यात स्टीलचा एक छर्रा. छर्र्यावर एक हलकी पट्टी टेकलेली असते. गाडीनं जोरात ब्रेक मारला की वाटी गाडीसोबत थांबते पण छर्रा पुढे जातो, एसटीत उभं असताना आपण जातो तसाच, आठवीतलं जडत्व. पुढे जाताना तो वाटीचा चढ चढतो, पट्टी वर उचलली जाते, तिचं टोक दातेरी चाकात अडकतं. खरी मजा यानंतर आहे. त्या बिचाऱ्या प्लास्टिकच्या टोकात माणूस अडवायची ताकद कुठून येणार, ते फक्त चाक थांबवतं, आणि चाक थांबलेलं असताना तुमचं अंग बेल्टला ओढतं त्या ओढीनंच लोखंडी खटका रिळात घुसतो. म्हणजे कुलूप लावायला लागणारा जोर तुम्हीच पुरवता, छर्रा नुसता इशारा देतो. याशिवाय बेल्ट झटक्यानं ओढला तर पकडणारी दुसरी वेगळी यंत्रणा असते, दुकानात हातानं हिसका देऊन "चालते चालते" म्हणतात ती ही दुसरी. छर्रा तपासायचा तर रीळ तिरकं करूनच बघावं लागतं.

आता तिरकं करणं आणि ब्रेक मारणं, छर्र्याला यातला फरक कळतच नाही. त्याला फक्त जोर कुठल्या दिशेनं लागतो तेवढं समजतं. गाडीचा वेग कमी होण्याचा दर ०.४५ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ४५ टक्के) इतका झाला की कुलूप लागलंच पाहिजे असं संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाचा आर-१६ नियम साध्या कारच्या रिळासाठी सांगतो, आणि ०.४५ ही साधारण २४ अंशाची टॅन्जंट (टॅन) आहे, म्हणजे २४ अंशाचा चढ चढायला छर्र्याला ब्रेकचा तेवढाच जोर लागतो. म्हणून त्याच नियमात तिरकेपणाचीही अट आहे: रीळ ज्या स्थितीत बसवायचं त्यापासून १२ अंशापर्यंत कलंडलं तर अडकायला नको, २७ च्या वर गेलं तर अडकायलाच हवं. आपल्या पोट्ट्यानं रीळ सीटमागच्या तिरक्या पाइपला वेल्ड केलेल्या पट्टीवर बसवलं होतं, मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपनं मोजलं तर कल ३१ अंश! मग छर्र्याला गाडी उभी असतानाही कायम ब्रेक लागल्यासारखंच वाटणार ना.

पण मला जास्त भीती जाम न होणाऱ्या रिळाची वाटते. समजा रीळ दहाच अंश कललंय आणि वाटीची पुढची कड वर गेलीय, तर बेल्ट मस्त ओढला जातो, सगळे खूश, पण छर्र्याला आता २४ नाही तर ३४ अंशाएवढा चढ चढायचाय आणि टॅन ३४ म्हणजे ०.६७. ढोबळ हिशोब आहे हा, घर्षण वगैरे सोडलंय, तरी ब्रेकवर वेळेत लागणारं कुलूप उशिरा लागणार हे नक्की. उलट बाजूला कललं तर टॅन १४, ०.२५, म्हणजे गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर आवळणार. प्रत्येक मॉडेलच्या रिळात वाटीचा कोन, ते त्या गाडीच्या ज्या खांबावर बसतं त्याच्या कलाप्रमाणे ठरवलेला असतो, म्हणून मूळ गाडीत ते कसं उभं होतं त्याचा फोटो काढून मगच खोलायचं आणि तसंच बसवायचं. लिंबू-मिरची बॉनेटला बांधा नाहीतर बंपरला, तिचा कोन कोणी विचारत नाही.

दुसरा घोळ बोल्टचा. "बेल्ट मजबूत पाहिजे" म्हणून सगळे पट्टी ओढून बघतात, पण पट्टी सहसा तुटत नाही, निघून येते ती जोडणी. ५० च्या स्पीडनं भिंतीला धडकलात आणि तुम्ही साठ सेंटीमीटरात थांबलात तर ७० किलोच्या माणसावर साधारण ११,००० न्यूटन येतात, म्हणजे एक टनाहून जास्त वजन. चौकोनी पाइपची फ्रेम चेपतच नाही म्हणून लोक छाती फुगवतात, पण तीसच सेंटीमीटरात थांबलात तर हा आकडा दुप्पट होतो, भाऊ. त्याच आयोगाच्या आर-१४ नियमात तीन टोकांच्या बेल्टच्या जोडणीची चाचणी खांद्याला १३,५०० आणि कमरेला १३,५०० न्यूटन असं एकाच वेळी ओढून करतात. पातळ पत्र्यात भोक पाडून वॉशर लावलेला बोल्ट तिथं पत्र्यासकट बाहेर येतो. मागून जाड लोखंडी पट्टी हवी, तीही फ्रेमला वेल्ड केलेली. बेल्टचा मूळ बोल्ट ७/१६ इंची, बारीक आट्यांचा असतो, हार्डवेअरच्या दुकानातला १२ एमएमचा बोल्ट त्या आट्यात ठोकून बसवू नका.

कमरेची पट्टी मांडीवरून खाली उतरायला पाहिजे, आडवी गेली तर धडकेत पोटावर चढते आणि खालून माणूस घसरतो. खांद्याची पट्टी मागे खाली फरशीला बांधली तर ती खांदा खाली दाबते, तो दाब मणक्यात जातो. वरची जोडणी खांद्याच्या खाली नकोच.

रस्त्यावर आणायची गोष्ट वेगळी. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे गाडीचा प्रोटोटाइप पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो, आणि तो नियम कंपन्यांना धरून लिहिलाय, एकट्या माणसाच्या खिशाला झेपणारं काम नाही. वावरात चालवा, स्पर्धेत न्या.

कबाड्याकडून रीळ घेताना पट्टीची कड उसवलेली किंवा ताणलेली दिसली तर ती गाडी कुठंतरी धडकलेली असू शकते, ते घेऊ नका. आणि रिळाला वायरचा सॉकेट असेल तर आत बारूद आहे, धडकेच्या क्षणी बेल्ट आवळायला ती फुटते. असं रीळ वेल्डिंगच्या टेबलाजवळ आणायचंच नाही.