डोलोमाइटचा तिढा : पार्श्वभूमी

गाळ साचतो, दबतो, त्याचा खडक होतो. पण खडक झाला म्हणून गाळातले बदल थांबत नाहीत. रूपांतरित खडक व्हायला लागते तेवढी उष्णता आणि दाब न मिळताही, कणांमधून झिरपणारे पाणी खडकाचे रसायन पालटून टाकते. या बदलांमध्ये अभ्यासकांना सर्वांत जास्त छळले ते डोलोमाइटने.

आल्प्समधल्या या खडकाचे वर्णन १७९१ मध्ये छापले गेले. दिसायला चुनखडकच, पण सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर चुनखडक लगेच फसफसतो, हा ढिम्म राहतो. ओरखडून भुकटी केली तर कुठे बुडबुडे येतात. कॅल्शियमच्या निम्म्या जागी मॅग्नेशियम, तेही थराआड थर, हे त्याचे वैशिष्ट्य. मूळ चुनखडकात मॅग्नेशियम मागाहून शिरले, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच रुजली होती. प्रश्न उरला तो कसे शिरले याचा. आजच्या समुद्राच्या पाण्यात डोलोमाइट तयार होण्याइतके घटक विरघळलेले आहेत, तरीही तळावर तो जवळजवळ सापडत नाही. प्राचीन थर मात्र शेकडो मीटर जाडीचे.

१९५० आणि ६० च्या दशकांत दक्षिण ऑस्ट्रेलियातली किनारी सरोवरे आणि पर्शियन आखाताकाठची खारी मैदाने तपासली गेली. तिथे ताजा डोलोमाइट मिळाला, पण पापुद्र्याएवढाच.

मग १९७३ मध्ये मांडला गेला मिश्र पाण्याचा सिद्धांत. गोड्या भूजलात थोडे समुद्राचे पाणी मिसळले, की त्यात कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचे मुख्य खनिज, विरघळू शकतो आणि डोलोमाइट मात्र साचू शकतो, असे गणित होते. कागदावर गणित जुळत होते, आणि तिथेच घोटाळा झाला. खाऱ्या मैदानांसारखी कोरड्या हवामानाची किंवा मिठाच्या थरांची अट उरली नाही, त्यामुळे जगभरचे जुने खडक धडाधड याच खात्यात घातले गेले. खऱ्याखुऱ्या किनारी मिश्रणपट्ट्यांत खणून पाहिले तेव्हा चुनखडकात पोकळ्या दिसल्या, डोलोमाइट नावापुरता. सिद्धांत मागे पडला, तोही पाठ्यपुस्तकांतून फार सावकाश. पाण्याचे रसायन अनुकूल असणे आणि स्फटिक प्रत्यक्ष वाढणे यांतले अंतर इतकी वर्षे दुर्लक्षित राहावे, हे नवलच.

ते अंतर किती मोठे, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले: २५ अंश सेल्सिअसला, हजारपट अतिसंपृक्त (मावतील त्याहून कितीतरी जास्त घटक विरघळलेल्या) द्रावणात, ३२ वर्षांत डोलोमाइटचा कणही जमला नाही. त्याआधीच ब्राझीलमधल्या एका खाजणात सल्फेटवर जगणारे जिवाणू डोलोमाइट साचवायला मदत करतात, असे पुढे आले होते.

२०२३ मध्ये कारणाचा एक मोठा तुकडा हाती लागला. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चुकीच्या जागी बसून स्फटिकाची वाढ अडवतात. द्रावण अधूनमधून पातळ झाले की हे चुकलेले अणू आधी धुऊन जातात. प्रयोगात हेच विरघळवणे घडवायला इलेक्ट्रॉन झोताचे सुमारे ४,००० झटके देऊन स्फटिकावर साधारण ३०० थर वाढवले गेले. त्यांची एकूण जाडी जेमतेम १०० नॅनोमीटर. भरतीओहोटी आणि पाऊस-उन्हाच्या फेऱ्यांत हेच घडत असणार, हे पटते. पण डोंगरच्या डोंगर बदलायचे तर अफाट पाणी खडकातून वाहायला हवे, आणि ते कोणी वाहवले, याचे उत्तर या प्रयोगात नाही. तेलशोधकांना रस आहे तो याच भागात: कॅल्साइटच्या जागी त्याच प्रमाणात डोलोमाइट आला तर आकारमान सुमारे १२-१३ टक्क्यांनी घटते, आणि त्या मोकळ्या जागेत तेल साठू शकते.