बालवाडी वर्गाची गुणवत्ता

बालवाडी वर्गाची गुणवत्ता : तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या वर्गाची जागा, साधने, मुलांची संख्या, दिनक्रम आणि शिक्षिका व मुले यांच्यातील रोजचा व्यवहार ज्या निकषांवर जोखला जातो, त्यांचा समुच्चय. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे नाशिक शहर व जिल्ह्यातील आहेत. बंगल्याच्या तळमजल्यावरील खासगी शिशुवर्ग, कामगार वस्तीतील अंगणवाडी आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरील एका खोलीची अंगणवाडी हे तिन्ही प्रकार या एकाच जिल्ह्यात आढळतात, त्यामुळे निकषांची पारख येथे चांगली होते.

या वर्गासाठी मराठीत अनेक नावे रूढ आहेत. जुन्या शाळांत पहिलीच्या आधीच्या वर्गाला ‘बिगरी’ किंवा ‘बिगारी’ म्हणत. या शब्दाचा संबंध बिगार, म्हणजे वेठ, या शब्दाशी लावता येतो, तसाच ‘बिगर’ म्हणजे ‘वाचून, विना’ या शब्दाशीही लावता येतो. हा वर्ग इयत्तांच्या मोजणीत धरला जात नसे, हे लक्षात घेता दुसरी व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक वाटते. ‘माँटेसरी’ हे एका शिक्षणपद्धतीच्या प्रवर्तक बाईंचे विशेषनाम मराठी शहरांत सामान्यनाम बनले, आणि ज्या वर्गांत त्या पद्धतीचे एकही साधन नाही, तेही या नावाने ओळखले गेले. ‘बालवाडी’ हा शब्द सर्वसाधारणपणे १९४० नंतरच्या दशकातील आणि बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्या कार्याशी निगडित मानला जातो. तो त्याआधी बोलण्यात असण्याची शक्यता मात्र नाकारता येत नाही.

‘वाडी’ या उत्तरपदाचा अर्थ येथे महत्त्वाचा आहे, कारण गुणवत्तेच्या दोन वेगळ्या कल्पना त्यात दडलेल्या आहेत. किनारपट्टीत वाडी म्हणजे बागायत, नारळी-पोफळीची किंवा चिकूची. घाटमाथ्यावर वाडी म्हणजे मूळ गावापासून सुटलेली छोटी वस्ती. पहिला अर्थ घेतला, तर बालवाडी हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रेबेल यांनी १८४० मध्ये रूढ केलेल्या ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ या शब्दाचा देशी पर्याय ठरतो. दुसरा घेतला, तर ती मुलांची वस्ती, म्हणजे मुले जेथे आहेत ते ठिकाण. ताराबाईंची ग्रामीण बालवाडी किनारपट्टीवरील बोर्डी येथे, चिकूच्या वाड्यांच्या मुलखात सुरू झाली, हे पाहता मूळ शब्दात बागेचाच अर्थ अभिप्रेत असावा. ‘अंगणवाडी’त मात्र वस्तीचा अर्थ वरचढ आहे, कारण तेथे मुलाने बागेत येण्याऐवजी वर्ग त्याच्या अंगणात जातो. काळजीपूर्वक सजवलेली जागा म्हणजे चांगला वर्ग की मुलाच्या परिसराशी जुळवून घेणारी जागा म्हणजे चांगला वर्ग, हा पुढील साऱ्या चर्चेचा मूळ पीळ आहे.

पहिल्या कल्पनेचे सर्वांत पद्धतशीर रूप इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या कार्यात दिसते. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. मुलाच्या मापाचे हलके फर्निचर, त्याच्या हाताला येतील अशी उघडी कपाटे आणि स्वतःची चूक स्वतःला दाखवून देणारी साधने हे त्या वर्गाचे विशेष. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू करून ही पद्धत भारतीय वातावरणात आणली; तेथे ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले. स्वतः माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या व महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. त्या काळात त्यांनी घेतलेल्या प्रशिक्षणवर्गांनी भारतात या पद्धतीच्या शिक्षिकांची एक पिढी तयार झाली.

१९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी केलेल्या प्रयोगांनी दुसऱ्या कल्पनेला आकार दिला. अनुताईंनी त्यापूर्वी काही काळ नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शिक्षकी केली होती. आदिवासी मुले वर्गात येत नाहीत, तेव्हा वर्गच पाड्यावर न्यावा, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तो कुरणात भरवावा, आणि विकत घेण्याची साधने परवडत नाहीत तेथे बिया, शिंपले, पाने, माती यांवर काम भागवावे, ही त्यांची दिशा होती. कोसबाडचा परिसर आज पालघर जिल्ह्यात मोडतो. नाशिकच्या पश्चिमेकडील आदिवासी तालुक्यांची परिस्थिती त्याच्याशी बरीच मिळतीजुळती आहे.

स्थानिक साधनांविषयी एक तांत्रिक मुद्दा येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण प्रशिक्षणांत तो बहुधा निसटतो. माँटेसरी पद्धतीतील दट्ट्यांच्या पेटीत दहा दट्टे, म्हणजे मुठीचे गोल लाकडी ठोकळे, व प्रत्येकाच्या मापाचे एकेक भोक असते. एखादा बारीक दट्ट्या मोठ्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो उरलेल्या भोकात बसत नाही; चूक झाली हे पेटी सांगते, शिक्षिकेला सांगावे लागत नाही. चिंचोके, गजगे किंवा मणी मोजायला दिले, तर मोजणी चुकली हे चिंचोके सांगत नाहीत. म्हणजे साधन स्वस्त झाले, पण त्यातला शिक्षक गेला. घरगुती वस्तूंतून हा गुण राखता येतो, तो मापाला माप लागणाऱ्या वस्तू निवडल्या तर. एकात एक बसणारे डबे व त्यांची झाकणे, किंवा उतरत्या मापाच्या वाट्या यांत तो आपोआप येतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकला अशा वस्तूंची वाण नाही. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर बांधावर पडणाऱ्या द्राक्षकाड्या लांबीच्या क्रमाने लावण्याचा खेळही असाच आहे, मात्र आधी एक ठरावीक संच कापून घ्यावा लागतो.

आधुनिक अभ्यासात गुणवत्तेचे दोन भाग मानले जातात : रचनात्मक आणि प्रक्रियात्मक. रचनात्मक भागात जागा, मुलांची संख्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण, पाणी व स्वच्छतागृह या मोजता येणाऱ्या गोष्टी येतात. केंद्र शासनाच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणानंतर आलेल्या दर्जाविषयक निकषांत ३० मुलांमागे किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि तीन ते सहा वयोगटात २० मुलांमागे एक शिक्षिका असे प्रमाण सांगितले आहे. ३५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३७५ चौरस फूट. बारा बाय पंधरा फुटांच्या दिवाणखान्यात भरणारा वर्ग १८० चौरस फुटांचा होतो, म्हणजे या हिशेबाने तेथे चौदा मुले बसावीत. प्रत्यक्षात किती बसतात, हे पालकांनी शाळा सुटताना दारात उभे राहून मोजावे.

प्रक्रियात्मक भाग, म्हणजे शिक्षिका व मुले यांच्यातील रोजचा व्यवहार, मोजणे कठीण. अमेरिकेत थेल्मा हार्म्स व रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये वर्गाचे निरीक्षण करून सात गुणांपर्यंत मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या व ती अनेक देशांत वापरली गेली. तिच्यावर साधनांच्या संख्येचा भार अधिक आहे असा आक्षेप घेतला जातो. नंतर विकसित झालेल्या दुसऱ्या एका निरीक्षणपद्धतीत साधने बाजूला ठेवून भावनिक आधार, वर्गाची व्यवस्था आणि शिकण्याला मिळणारी चालना या तीन अंगांनी केवळ शिक्षिका-मुले व्यवहार पाहिला जातो. भारतीय वर्गांसाठी ही दुसरी दृष्टी अधिक उपयोगी दिसते, कारण एका कपाटात मावतील इतकीच साधने असलेल्या अंगणवाडीलाही ती न्याय देऊ शकते.

पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या समर्थनार्थ मिशिगन राज्यातील पेरी प्रीस्कूल या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. १९६२ ते १९६७ या काळात चाललेल्या या प्रयोगात १२३ मुले होती. त्यांपैकी निम्म्याहून थोडी कमी वर्गात घेतली गेली, आणि शिक्षिका दर आठवड्याला घरी जात. एवढ्या लहान व खर्चिक प्रयोगाचे निष्कर्ष कोणत्याही शिशुवर्गाला लावणे सावधपणाचे नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे महत्त्व यादृष्टीने अधिक आहे. चांगल्या वर्गांत मोठे माणूस आणि मूल एखाद्या प्रश्नावर मिळून, थोडा वेळ टिकून विचार करतात, असे त्यात आढळले.

या गोष्टीचे स्वरूप उदाहरणाने स्पष्ट होईल. मूल वाळूत पाणी ओतत असताना ‘वाळूचा रंग कोणता?’ असे विचारले, की एका शब्दाचे उत्तर येते आणि बोलणे संपते. ‘पाणी कुठं गेलं असेल रे?’ असे विचारून शिक्षिका उत्तरासाठी थांबली, तर मूल उकरून पाहते, पुन्हा ओतते, शेजारच्याला बोलावते. येथे थांबणे हे कौशल्य आहे. चाळीस मुलांच्या वर्गात ते जवळजवळ अशक्य होते. रचनात्मक निकषांचे खरे महत्त्व हेच, की त्यांच्यामुळे थांबायला सवड मिळते.

दिनक्रमाविषयी फारसा मतभेद नाही. गोलात बसून गप्पा, मुक्त खेळ, गोष्ट, बडबडगीते, मैदान, हात धुऊन खाऊ, अशी बसण्या-हालण्याची आलटापालट सर्वत्र मान्य आहे. वर्गात बाहुल्यांचा, ठोकळ्यांचा, पुस्तकांचा व चित्रांचा असे कोपरे करतात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पावसात मैदानाचा तास दोन-तीन महिने बुडतो. त्या काळासाठी ओटीवरचे किंवा खोलीतले हालचालींचे खेळ आधी ठरवावे लागतात.

वाद आहे तो लेखनाचा. साधारण पाच वर्षांच्या आधी बोटांची पकड व मनगटाची हालचाल पक्की झालेली नसते. म्हणून माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे यांना लेखनपूर्व काम मानतात. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयोगटासाठी पाठ्यपुस्तक नको, असे म्हटले आहे. मुलांवरील अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने १९९३ मध्येच शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात असे सुचवले होते. तरीही कॉलेज रोड असो की सिडको, शहरातील पालक भरलेली वही पाहून वर्गाची किंमत करतात, आणि शिक्षिकाही मग वही भरून घेतात. खासगी वर्गांची गुणवत्ता घसरण्याचे हे बहुधा सर्वांत मोठे कारण आहे; फी आणि गुणवत्ता यांचा संबंध समजला जातो तितका सरळ नाही.

घरची भाषा हा निकष जिल्ह्यात विशेष कसोटीचा ठरतो. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत अहिराणी, पेठ-सुरगाणा पट्ट्यात कोकणी (डांगी), आणि मालेगाव शहरात मोठ्या प्रमाणावर उर्दू बोलली जाते. घरी ‘आंडोर’ किंवा ‘पोसा’ म्हणून हाक ऐकणारे मूल वर्गात पहिल्यांदाच प्रमाण मराठी ऐकते, तेव्हा त्याचे गप्प बसणे हे मंदपणाचे लक्षण समजण्याची चूक सहज होते. सेविका त्याच गावची असेल, तर हा अडसर आपोआप कमी होतो. अंगणवाडी योजनेत स्थानिक स्त्रीची नेमणूक करण्याच्या धोरणाचा हा शैक्षणिक लाभ मानधनाच्या चर्चेत क्वचितच मांडला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सुरुवातीचे शिक्षण शक्य तेथे घरच्या भाषेत असावे असे म्हटले आहे. याउलट शहरात ‘ताई’ किंवा ‘बाई’ जाऊन ‘मिस’ आली, तेव्हा नुसते संबोधन बदलले नाही. मुलाला प्रश्न विचारण्याची भाषाही गेली.

अंगणवाडीचा विचार करताना तिच्यावरील इतर कामांचा भार विसरून चालत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे पुढील उपचारासाठी पाठवणे), आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा आहेत. वजन, आहार आणि नोंदी यांचा हिशेब रोज द्यावा लागतो. गोष्ट सांगितली की नाही, याचा तितक्या काटेकोरपणे विचारला जात नाही. मदतनीस आहार सांभाळते आणि सेविकेचे दोन तास मुलांसाठी मोकळे राहतात, तेथे वर्ग चांगला चालतो.

हंगामी स्थलांतराचा परिणामही मोठा आहे. छाटणीपासून द्राक्षकाढणीपर्यंत पेठ, सुरगाणा व हरसूल भागांतील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येतात, आणि मुले पाड्यावरच्या अंगणवाडीतून उठून बागेच्या कडेला येतात. तेथे जवळच्या अंगणवाडीत त्यांची नोंद झाली, तर आहार मिळतो. वर्गात बसण्याची सवय मात्र दोन्हीकडे तुटते. अशा मुलांसाठी बांधाजवळ भरणारा वर्ग ही कोसबाडच्या कुरणशाळेचीच पुढची पायरी ठरेल, आणि त्याला दट्ट्यांच्या पेटीपेक्षा त्यांची बोली जाणणारी सेविका अधिक आवश्यक असेल.