प्रबंध संदर्भसूचीवरून परत येऊ नये म्हणून

पीएच.डी.चा प्रबंध सादर करताना अर्ज, फी, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र ही कामं विद्यापीठाच्या यादीप्रमाणे उरकतात. मुलं अडकतात ती शेवटच्या पंधरा-वीस पानांत, म्हणजे संदर्भसूचीत.

आधी संदर्भ लिहिण्याची पद्धत ठरवा आणि मार्गदर्शकांकडून लेखी घ्या. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भपद्धत) हिच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ देत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या प्रबंधांत मात्र 'पुणे', 'मुंबई' असतंच. जुना प्रबंध समोर ठेवून सूची केली की दोन्ही पद्धतींची खिचडी होते.

कोणाकडेच नसतो तो कागद म्हणजे शीर्षकपानाच्या मागचं पान. झेरॉक्स फक्त प्रकरणाची काढलेली असते. मग आवृत्ती कोणती, पुनर्मुद्रण कधीचं, काहीच कळत नाही आणि ऐन सादरीकरणाच्या आठवड्यात पुन्हा ग्रंथालय गाठावं लागतं. पुस्तक हातात आलं की पहिला फोटो त्या पानाचाच काढा.

जुन्या पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शालिवाहन शक छापलेला असतो. इसवी सन काढायला सगळे सरसकट ७८ मिळवतात. पण शके १८१५चा चैत्र १८९३मधला, माघ मात्र १८९४मधला. मार्गशीर्ष-पौषात तिथी बघावी लागते. महिना छापलेला नसेल तर 'शके १८१५ [१८९३-९४]' असं लिहा. अंदाजाने एकच साल ठोकू नका.

अकारविल्हे क्रम संगणकावर सोडू नका. युनिकोडच्या संकेतक्रमात (संगणक अक्षरांना देतो त्या क्रमांकांत) 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. त्यामुळे 'काळे' हे 'कासार'च्या आधी जाऊन बसतात. एवढ्यावरून सूची परत पाठवणाऱ्यांनी हा नियम आधीच माहितीपत्रकात छापायला काय हरकत आहे?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार समानता-तपासणीत, म्हणजे प्रबंधातला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो ते बघताना, संदर्भसूची मोजत नाहीत. याचा अर्थ सूचीत नाव घातलं की मजकूर जसाच्या तसा उचलता येतो, असा मुळीच नाही. उताऱ्याला अवतरणचिन्हं आणि तिथल्या तिथे संदर्भ हवाच. समानता १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, आणि इथेच मुदत चुकीची वाचली जाते. सहा महिने ही कमाल मर्यादा आहे. तुमची तारीख सुधारणेसाठी विद्यापीठाकडून आलेल्या पत्रात असते, ती आधीचीही असू शकते. पत्र हातात पडताच ती तारीख मार्गदर्शकांना कळवा.