निदान न लागणारा ताप

डॉक्टर मंडळी ज्याला पीयूओ (पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन, म्हणजे कारण न कळलेला ताप) म्हणतात तो हा ताप. हा स्वतंत्र रोग नाही, तपासण्या करूनही कारण सापडत नाही तोवरचं कामचलाऊ नाव आहे. किती दिवसांचा ताप यात धरायचा यावर मात्र मतभेद आहेत. आल्ट आणि बार्कर यांनी 1930 मध्ये अशा तापांवर लिहिलं होतं, पण चालते ती पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांची 1961 ची व्याख्या: 101 फॅरनहाइटच्या वर ताप, अनेकदा मोजलेला, 3 आठवड्यांपेक्षा जास्त चाललेला, आणि आठवडाभर भरती ठेवून तपासूनही निदान नाही. 3 आठवडे यासाठी की आपोआप उतरणारे व्हायरल ताप तोवर गळून जातात. त्यांच्या 100 पेशंटांपैकी 36 जणांना इन्फेक्शन निघालं, 19 जणांना कॅन्सर. ड्युरॅक आणि स्ट्रीट यांनी 1991 मध्ये आठवड्याची अट 3 दिवस भरती किंवा 3 ओपीडी फेऱ्यांवर आणली, शिवाय दवाखान्यातच सुरू झालेला ताप, पांढऱ्या पेशी घटलेल्यांचा आणि एचआयव्हीवाल्यांचा असे वेगळे गट केले. अलीकडे बरेच जण दिवस न मोजता ठरावीक तपासण्या झाल्या का ते बघतात, आणि तेच जास्त पटतं, कारण साधा एक्स-रे आणि ब्लड कल्चरही (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) न केलेला महिनाभराचा ताप हा अवघड ताप नाही, न तपासलेला ताप आहे.

आपल्याकडे टीबी सगळ्यात आधी डोक्यात ठेवावा लागतो, त्यातही फुफ्फुसाबाहेरचा, पोटातल्या किंवा छातीतल्या गाठींचा, मणक्याचा, कारण त्यात अनेकदा खोकला नसतो आणि छातीचा एक्स-रेही साफ येऊ शकतो.

नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांत खेड्यावरून पेशंट येतो तेव्हा बहुतेकदा विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्हचा रिपोर्ट आणि दोन-तीन अँटिबायोटिक झालेले असतात, पण टायफॉइड नेहमीचा असलेल्या भागात एकट्या विडालवर भरवसा ठेवता येत नाही आणि कल्चर औषधाआधीच घ्यायला हवं. पावसाळ्यात आणि त्यानंतर स्क्रब टायफस आठवावा, 2018 मध्ये विदर्भात त्याची साथ आली होती. गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याची अळी चावते तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली येते, ती दुखत नाही आणि काखेत, जांघेत, स्तनाखाली लपलेली असते म्हणून कपडे काढून बघितल्याशिवाय सापडत नाही, काहींना तर खपली येतच नाही. सेफ्ट्रियाक्सोन या नेहमीच्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही, डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा दिलं की बहुतेकांचा ताप 48 तासांत उतरतो. सिकलसेलच्या पेशंटला वरची कुठलीच व्याख्या लावू नये, त्यांची प्लीहा निकामी झालेली असते, म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं.

इन्फेक्शन नसलेली कारणंही आठवावीत: म्हाताऱ्या माणसात डोकेदुखी आणि वाढलेला ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) असेल तर टेम्पोरल आर्टेरायटिस, म्हणजे डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सूज, तरुणात सांधेदुखी आणि फेरिटिन (रक्तातलं लोह साठवणारं प्रथिन) खूप वाढलेलं असेल तर स्टिल्स डिसीज हा सांधे सुजवणारा आजार.

टेम्पोरल आर्टेरायटिसमध्ये नजर जायचा धोका असतो म्हणून स्टेरॉइड द्यायला थांबत नाहीत, पण एरवी निदानाआधी स्टेरॉइड देऊ नये, टीबी आणि लिम्फोमा (गाठींचा कॅन्सर) दोन्ही त्यात झाकले जातात. सगळं करूनही कारण न सापडलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा ताप पुढे आपोआप जातो.